फॉर्म तुमचा, यादी कुणाची?

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण २०२५ ला नोंदणीची मुदत ६ नोव्हेंबरला संपत होती म्हणून लिहितोय. निम्मी वाचून पुढं सरकणार असाल तर एवढं तरी वाचा. पुणे पदवीधर मतदारसंघाची मतदार यादी २०२५ ला नव्यानं करायला घेतली. २०२० ला तुमचं नाव यादीत होतं, मतदानही केलं होतं, म्हणून नव्या यादीत नाव आपोआप येईल असं अजिबात नव्हतं. जुनी यादी गेली. नमुना १८ पुन्हा भरावा लागतो. आणि माझं म्हणणं असं की तो तुम्ही स्वतः भरा, स्वतः द्या, पोच स्वतःजवळ ठेवा. कुणाच्याही हातात देऊ नका.

का, ते आता सविस्तर सांगतो.

२०२५ च्या दिवाळीत फराळाबरोबर घरोघरी फॉर्म आले. व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज एक बॅनर पडत होता. वर नेत्याचा फोटो, खाली कार्यकर्त्याचा मोबाईल नंबर, मधे मजकूर: पदवीधर बंधू-भगिनींनो, नोंदणी करा. फोन केला की पलीकडून ठरलेलं उत्तर येतं. "साहेब, डिग्रीची झेरॉक्स आणि एक सही द्या फक्त. बाकीचं आम्ही बघतो."

माझा सगळा आक्षेप या "बाकीचं आम्ही बघतो"ला आहे. पक्ष कुठला ते विचारू नका. सगळेच आहेत. ज्यांचं सरकार आहे ते, ज्यांचं नाही ते, आणि आज इकडं उद्या तिकडं करणारेही.

आधी नव्या पोरांसाठी थोडक्यात माहिती. विधान परिषदेत ७८ आमदार असतात. त्यातले ७ पदवीधर निवडून देतात आणि ७ शिक्षक. राज्यघटनेच्या कलम १७१ मध्ये ही तरतूद आहे. आपला पुणे पदवीधर मतदारसंघ म्हणजे पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर, असे पाच जिल्हे. एवढ्या मोठ्या मुलखाला एक आमदार. मागची निवडणूक १ डिसेंबर २०२० ला झाली. अरुण लाड निवडून आले. त्याआधी दोन वेळा इथूनच चंद्रकांतदादा पाटील गेले होते आणि त्या जोरावर पुढं मंत्री झाले. त्याहीआधी प्रकाश जावडेकर. म्हणजे ही जागा काही कोपऱ्यातली नाही.

२०२० ला पाच जिल्ह्यांत मिळून सव्वाचार लाखांच्या वर मतदार होते. कोल्हापुरात ८९ हजारांच्या आसपास. आता विचार करा, शिवाजी विद्यापीठ १९६२ चं. साठहून जास्त वर्षं कोल्हापूर, सांगली, साताऱ्याला पदव्या देतंय. एकट्या कोल्हापूर जिल्ह्यात पदवीधर फक्त ८९ हजार? तुमच्या गल्लीतले मोजा, तालमीतले मोजा, पै-पाहुण्यातले मोजा. बाकीचे कुठं गेले? ते आहेत इथंच. यादीत नाहीत, एवढंच.

आणि यादीत कोण येतं? ज्याच्या दारात कुणीतरी फॉर्म घेऊन गेलं, तो येतो. कार्यकर्ता दारात कुणाच्या जातो? ज्याचं मत आपल्याला पडेल असं त्याला वाटतं, त्याच्या. म्हणजे मतदानाच्या वर्षभर आधीच निम्मी निवडणूक उरकलेली असते. उमेदवार ठरलेला नसतो, चिन्ह ठरलेलं नसतं, पण मतदार ठरलेले असतात.

नियम काय म्हणतो, तेही बघा. निवडणूक आयोगाच्या सूचना स्पष्ट आहेत. गठ्ठ्यानं आलेले अर्ज स्वीकारायचे नाहीत. स्वतः द्या, पोस्टानं पाठवा किंवा ऑनलाइन भरा. घरातल्या एका माणसानं त्याच पत्त्यावर राहणाऱ्या घरच्यांचे अर्ज दिले तर चालतात. संस्थेच्या किंवा कार्यालयाच्या प्रमुखानं आपल्या पात्र कर्मचाऱ्यांचे एकत्र दिले तर चालतात. पक्षानं एकत्र दिलेले चालत नाहीत. कागदावर हे असं आहे. प्रत्यक्षात शंभरचा गठ्ठा दहा पोरांत वाटला की झाले दहा-दहा. बघणाऱ्यालाही कळतं, देणाऱ्यालाही कळतं.

संस्थाप्रमुखाची जी सवलत आहे, तिचं आपल्याकडं काय होतं ते शिक्षक मंडळींना मी सांगायला नको. तुमचा नमुना १९. त्याला तर अनुभवाचा दाखलाही मुख्याध्यापकाकडूनच घ्यावा लागतो. संस्था ज्या साहेबांची, दाखल्याची वाट त्यांच्याच अंगणातून जाते.

मतदानादिवशी केंद्राच्या दारात "मी फॉर्म दिला होता की, मग नाव का नाही?" असं विचारणारी माणसं मी वार्तांकन करताना पाहिलीत. कुणाला दिला होतात? तर अमक्याच्या पोराला. पोच आहे? नाही. तो फॉर्म तहसीलला पोचला, का एखाद्या संपर्क कार्यालयाच्या कपाटात राहिला, हे आता देवालाच माहीत. हा गठ्ठा उपयोगाचा नाही असं कुणाला वाटलं असेल, तर त्याला विचारणार कोण?

आता थोडं लांबचं उदाहरण देतो. विषय तोच आहे, वाचा.

माझा एक वर्गमित्र न्यू जर्सीत एडिसनला असतो. नागरिकत्व घेतलं, मग मतदार नोंदणी केली. त्यानं सांगितलं, फॉर्मवर एक रकाना असतो: पक्ष कुठला? मला वाटलं चेष्टा करतोय. पण खरंच असतो. अमेरिकेत साधारण तीस राज्यांत मतदार नोंदणी करताना तुम्ही आपला पक्ष लिहू शकता. डेमोक्रॅट, रिपब्लिकन, आणखी कुठला, किंवा कुठलाच नाही. सरकारी यादीत तुमच्या नावापुढं ते लागतं. टेक्सास, व्हर्जिनियासारख्या राज्यांत हा रकाना नाही. नॉर्थ डकोटात तर मतदार नोंदणीच नाही, ओळखपत्र दाखवा आणि मत द्या. प्रत्येक राज्याचा कायदा निराळा.

आपल्याला हे ऐकूनच कसंतरी होतं. मत गुप्त म्हणायचं आणि पक्ष सरकारी यादीत लिहायचा? त्यात धोके आहेतच. ती यादी प्रचारासाठी पक्षांना मिळते. घोळही होतात. कॅलिफोर्नियात अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी नावाचा एक छोटा, कडवा उजवा पक्ष आहे. २०१६ ला लॉस एंजेलिस टाइम्सनं शोधलं तर त्याचे सुमारे पाच लाख नोंदणीकृत मतदार निघाले. पाहणी केली तेव्हा चारातल्या जवळपास तिघांना आपण त्या पक्षात आहोत हे माहीतच नव्हतं. "इंडिपेंडंट" शब्द बघून त्यांनी खूण केलेली. त्यांना म्हणायचं होतं अपक्ष.

न्यूयॉर्कची गंमत आणखी भारी. तिथं पक्षाची प्राथमिक निवडणूक १९ एप्रिल २०१६ ला होती, पण पक्षाची नोंद करायची मुदत ९ ऑक्टोबर २०१५ लाच संपलेली. इव्हांका आणि एरिक ट्रम्प यांची नोंद कुठल्याच पक्षात नव्हती. बाप उमेदवार, आणि पोरांना बापाला मत देता आलं नाही! खुद्द ट्रम्पच्या घरासाठी तारीख पुढं ढकलली नाही. आपल्याकडं असं झालं असतं तर काय झालं असतं, ते तुम्हीच ठरवा.

हे सगळं सांगायचं कारण असं की त्यांच्या पद्धतीत कितीही खोट असली तरी दोन गोष्टी खऱ्या आहेत. एक, पक्षाचं नाव मतदार स्वतः लिहितो. दोन, ते लिहिल्याबद्दल त्याला एक हक्क मिळतो. पक्षाचा उमेदवार कोण असावा, हे तो मत देऊन ठरवतो. एडिसनचा माझा मित्र तिकिटाचा निर्णय करणाऱ्या लाखोंपैकी एक असतो.

आणि आपण? नोव्हेंबर २०१४ मध्ये भाजपनं मिस्ड कॉलवर सदस्य करायला सुरुवात केली. आता बहुतेक सगळ्यांचं सदस्यत्व असंच फोनवर मिळतं. त्या सदस्याला मिळतं काय? मेसेज. सभेला या, अमक्याचा वाढदिवस, तमक्याचं अभिनंदन.

तिकीट कसं ठरतं ते कोल्हापूरकरांना पुरेपूर कळलंय. विधानसभा २०२४, कोल्हापूर उत्तर. काँग्रेसनं आधी राजेश लाटकरांचं नाव जाहीर केलं. मग ते बदलून मधुरिमाराजेंना उमेदवारी दिली. ४ नोव्हेंबरला माघारीच्या अगदी शेवटच्या मिनिटांत मधुरिमाराजेंनी अर्ज मागं घेतला. मग अपक्ष राहिलेल्या त्याच लाटकरांना पाठिंबा. मतदानयंत्रावर हाताचं चिन्हच नव्हतं. शेवटी शिंदे शिवसेनेचे राजेश क्षीरसागर निवडून आले. माझा मुद्दा कोण जिंकलं हा नाही. पेठांमधला जो माणूस चाळीस वर्षं हाताला मत देतोय, त्याला या सगळ्यात कुणी एका शब्दानं विचारलं का? तोही पक्षाचा सदस्य असेल. पावती असेल घरात.

शिवसेनेचंही तसंच. पक्ष फुटल्यावर पक्ष खरा कुणाचा, हा वाद निवडणूक आयोगाकडं गेला. साध्या शिवसैनिकांची प्रतिज्ञापत्रं गठ्ठेच्या गठ्ठे दिल्लीला गेली. १७ फेब्रुवारी २०२३ ला निकाल आला. आयोगानं मोजले ते आमदार-खासदार. वर्षभरानं, ६ फेब्रुवारी २०२४ ला, राष्ट्रवादीतही विधिमंडळातल्या बहुमतावरच निकाल लागला. बरोबर की चूक, तो वाद कोर्टात गेला, त्यात मी इथं शिरत नाही. पण साध्या माणसाच्या पक्षनिष्ठेची किंमत किती, हे त्या दोन निकालांनी सांगितलं. त्यानं शंभराच्या स्टॅम्पवर लिहून दिली तरी ती मोजायची तराजूच कुणाकडं नाही.

तर अशी आपली तऱ्हा. सरकारी मतदार यादीत पक्ष लिहीत नाहीत, आणि ते चांगलंच आहे, तसंच राहू दे. पण पक्षाच्या यादीत मात्र आपण सगळे आहोत. बूथप्रमुखाजवळची यादी कधी पाहिलीय का? नावापुढं खुणा असतात. हा आपला, हा त्यांचा, हा कुंपणावरचा. विधानसभेच्या निवडणुकीत त्यानं फारसं बिघडत नाही, कारण सरकारी यादी आधीच तयार असते आणि ती सगळ्यांची असते. पक्ष तिच्यावर फक्त खुणा करतो.

पदवीधरला उलटं होतं. इथं आधी पक्षाची यादी होते आणि तिचीच पुढं सरकारी यादी बनते. सगळी गोम इथं आहे.

कोल्हापूरच्या माणसाला हे कळायला अवघड नाही. आपण हे सहकारात जन्मभर बघतोय. गोकुळची निवडणूक घ्या. लाखो दूध उत्पादक, पण २०२१ ला मतदार होते साडेतीन हजारांच्या थोडे वर. प्रत्येक गावच्या दूध संस्थेनं एका माणसाच्या नावानं ठराव करायचा आणि त्यानं मत द्यायचं. म्हणून तिथली खरी लढाई मतदानाची नसतेच, ठराव गोळा करायची असते. कुणाकडं किती ठराव, यावर पैजा लागतात. ठरावधारक कुठल्या सहलीवर आहेत, याच्या बातम्या आम्हीच छापतो. २०२३ ला राजाराम कारखान्याच्या निवडणुकीआधी सभासद पात्र का अपात्र यावरून केवढे कज्जे झाले, तेही आठवत असेल. आपल्याकडच्या प्रत्येक नेत्याला हे तोंडपाठ आहे: यादी ज्याची, संस्था त्याची.

पण गोकुळचा ठराव निदान गावच्या संस्थेनं बसून केलेला असतो. डिग्री तर तुमची स्वतःची आहे. आईबापानं ऊस तोडून, दूध घालून, कर्ज काढून तुम्हाला शिकवलं. त्या डिग्रीची झेरॉक्स तुम्ही गल्लीतल्या पोराच्या हातात देता आणि त्याबरोबर तुमचं मत कुणाच्या खात्यावर जमा झालं, हेही विचारत नाही.

आता तुमचे आक्षेप. कमेंटमध्ये येणारच आहेत, आधीच घेतो.

पहिला: "पक्ष नोंदणी करतात म्हणून तरी नावं येतात. नाहीतर लोक कुठं जातात फॉर्म भरायला?" यात तथ्य आहे. कामावरची माणसं, शेतातली माणसं, लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या मुली. पदवीचं प्रमाणपत्र माहेरी, रहिवासी पुरावा सासरी, वर साक्षांकित प्रत पाहिजे. कोण हेलपाटे घालणार? कार्यकर्ता मदत करतो हे खरं. पण मग प्रश्न असा विचारा, की हे हेलपाटे दर सहा वर्षांनी का? विधानसभेच्या यादीत एकदा नाव लागलं की राहतं. मेला, स्थलांतर झालं, तर कमी होतं. पदवी काय सहा वर्षांनी संपते? २००५ चा बी.ए. २०२५ ला बी.ए. राहत नाही का? यादी कायम ठेवा, दरवर्षी नवे पदवीधर त्यात घाला. नावं विद्यापीठाकडं आहेत, पत्ते मतदार यादीत आहेत. दोन सरकारी कार्यालयांनी एकमेकांशी बोललं तरी निम्मं काम होईल. ही मागणी कुठल्याही पक्षानं रस्त्यावर उतरून केलेली मला दिसलेली नाही. २०२५ ला विधानसभेच्या यादीवरून केवढं रणकंदन चाललं बघा. दुबार नावं, मतचोरी, पत्रकार परिषदांवर पत्रकार परिषदा. ते प्रश्न विचारायलाच पाहिजेत. पण हेच सगळे नेते पदवीधरच्या यादीबद्दल चिडीचूप, कारण ही यादी कोरी होण्यात सगळ्यांचा फायदा आहे. कोऱ्या पाटीवर ज्याचा हात मोठा, त्याचं अक्षर.

दुसरा: "पदवीधरांना वेगळं मत पाहिजेच कशाला? शिकलेल्याला दोन मतं आणि न शिकलेल्याला एक?" रास्त प्रश्न आहे. माझं स्वतःचं मतही बरंचसं तिकडंच झुकतं. पण तो घटनेतला बदल आहे, तो संसदेत होईल तेव्हा होईल. तोपर्यंत ही जागा भरली जाणारच आहे. आपण घरात बसलो म्हणून ती रिकामी राहत नाही.

तिसरा: "कुणी का नोंदवेना, मत तर मी माझ्या मनानंच देणार." चांगलं आहे. पण गठ्ठ्यानं नोंदवलेल्यांकडं मतदानाच्या आदल्या दिवशी गठ्ठ्यानंच फोन येतात. "तुमची नोंदणी आम्ही केलती हं, लक्षात ठेवा." उपकार केल्यासारखं. ज्या हक्कासाठी कुणाचे आभार मानायची गरज नाही, तिथं आपण मिंधे होतो. आणि दुसरं असं, की स्वतः फॉर्म न भरलेल्याला ही निवडणूकच नीट कळत नाही. इथं बटण नसतं. कागदी मतपत्रिकेवर पसंतीक्रम आकड्यात लिहायचा असतो, तोही केंद्रावर दिलेल्या पेननंच. २०२० ला मतदान झालं साधारण ५८ टक्के, आणि त्यातली हजारो मतं बाद झाली. पदवीधरांची!

एक जुनी गोष्ट सांगून मुद्द्यावर येतो. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशाची मतदार यादी करताना लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अडून बसले. स्वतःचं नाव सांगितल्याशिवाय यादीत घेणार नाही. सुमारे २८ लाख नावं त्यापायी गाळली गेली. तेव्हा ते फार कठोर वाटलं असणार. पण पुढच्या निवडणुकीत त्या बायका स्वतःच्या नावानं आल्या. मतदार म्हणजे कुणाचा तरी कुणीतरी नाही, एवढा धडा या देशानं सुरुवातीलाच घेतला होता. आता आपण शिकून सवरून पुन्हा "अमक्या साहेबांचे पदवीधर" व्हायचं?

तर आता कामाचं बोलू.

२०२५ च्या नोंदणीसाठी १ नोव्हेंबर २०२५ पूर्वी पदवी मिळून किमान तीन वर्षं झालेली असणं आणि या पाच जिल्ह्यांत राहत असणं गरजेचं होतं. नमुना १८ तहसील कार्यालयात मिळतो, ऑनलाइनही भरता येतो. सोबत पदवी किंवा गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत आणि रहिवासाचा पुरावा. मूळ कागद पडताळणीपुरते दाखवा आणि परत घ्या. पोच मागा. पोचेवरच्या तारखेचा आणि नंबरचा फोटो काढून ठेवा. २०२५ ला मुदत ६ नोव्हेंबरची होती. प्रारूप यादी २५ नोव्हेंबरला लागणार होती. अशा यादीत स्वतःचं नाव स्वतः शोधा. नाव नसेल तर १० डिसेंबरपर्यंत दावा, हरकत करता येणार होती. अंतिम यादीसाठी ३० डिसेंबर ही तारीख ठरली होती.

ज्यांनी आधीच फॉर्म कार्यकर्त्याला दिलाय, त्यांनी त्याला एक फोन करा आणि विचारा, माझी पोच कुठं आहे? दिली तर उत्तम. "बघतो, देतो, काळजी करू नका" म्हणाला तर सरळ तहसीलला जाऊन चौकशी करा.

घरात बायको, बहीण, वहिनी, सून पदवीधर असेल तर तिचाही फॉर्म भरला जाईल हे बघा. घरच्यांचे अर्ज एकानं दिले तर चालतात, नियमच आहे. पुरुषांचे चार आणि बाईचा शून्य, असे फॉर्म माझ्या बघण्यात बरेच आलेत.

तालीम मंडळं, माजी विद्यार्थी संघ, ग्रंथालयं यांना एक विनंती. एक टेबल टाका, फॉर्म ठेवा, कुणाचाही फोटो न लावता माणसांना समजावून सांगा आणि तहसीलची वाट दाखवा. फॉर्म गोळा करू नका, माणूस पाठवा.

आणि कार्यकर्ते मित्रांनो, तुमच्यावर माझा राग नाही. तुम्हाला टार्गेट दिलेलं असतं, मला माहीत आहे. पण "बाकीचं आम्ही बघतो" हे वाक्य तेवढं सोडा. बाकीचं पदवीधरालाच बघू दे.

पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा. पण त्याआधी फॉर्म भरून या.